नाताळच्या भक्तीत ऑर्गन आणि क्वायर: या चुका टाळा

नाताळच्या भक्तीत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, क्वायर (गायकवृंद) एकीकडे आणि ऑर्गन दुसरीकडे जातो, तेव्हा दोष बहुतेकदा गळ्यांचा नसतो. ऑर्गनला श्वास लागत नाही, माणसांना लागतो, एवढंच तालमीत विसरलेलं असतं.

ओळ संपली तरी ऑर्गनिस्टची बोटं पट्ट्यांवरून उठत नाहीत. मंडळी कुठे थांबायचं ते शोधत राहते आणि चौथ्या कडव्यापर्यंत गीत रेंगाळतं. म्हणून वाजवताना शब्द स्वतः गा. जिथे तुम्हाला श्वास घ्यावासा वाटेल, तिथे हात उचला. दोन कडव्यांमधला थांबा दर वेळी तेवढाच ठेवा.

मराठीत आणखी एक अडचण आहे. पाश्चात्त्य चालीवर बसवलेल्या गीतात ठोका पुष्कळदा ऱ्हस्व अक्षरावर पडतो आणि शब्द मोडतो. पाइप ऑर्गनची पट्टी जोरात दाबा की हळू, सूर तेवढाच मोठा येतो. एखाद्या अक्षराला वजन द्यायचं असेल तर त्याच्या आधीचा सूर किंचित आखडता घ्यावा लागतो. क्वायरने चाल बाजूला ठेवून कडवं आधी नुसतं म्हणावं, म्हणजे वजन कुठे हवं ते कानालाच कळतं. नारायण वामन टिळकांच्या अभंगवळणाच्या भजनांवर मात्र चार आवाजांची हार्मनी लादू नका. तिथे पेटी, तबला आणि झांजा पुरेत. ऑर्गन गप्प राहिलेलाच मला आवडतो.

शेवटच्या कडव्यात सोप्रानो (सर्वांत उंच आवाज) वर चढून डेस्कांट, म्हणजे मूळ चालीच्या वरून जाणारी वेगळी सुरावट, गातात, ती सगळ्यांच्या आवडीची जागा. इंग्लिश क्वायर-संचालक डेव्हिड विलकॉक्स यांच्या मांडणीत त्या कडव्याला ऑर्गनची हार्मनीही बदललेली असते. तरी आल्टो, टेनर, बास हे खालचे आवाज सवयीने आपापला जुना भाग गातात आणि सुरांची टक्कर होते. इथे उरलेल्या सगळ्यांनी मूळ चालच गायची. डेस्कांटला मोजके आवाज पुरतात, चाल मात्र भक्कम हवी, नाहीतर मंडळी गोंधळून गप्प होते.

मध्यरात्रीच्या भक्तीला ऑर्गन बेसूर वाटला, तर आधी थंडी आठवा. तापमान १ अंशाने उतरलं की साध्या पाइपांचा सूर सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उतरतो. १० अंशांचा फरक पडला तर जवळपास एक-तृतीयांश अर्धस्वर! ट्रम्पेटसारख्या रीडच्या पाइपांचा सूर धातूच्या जिभेवर ठरतो, म्हणून तो फारसा हलत नाही आणि दोन्ही एकत्र वाजले की खटकतात. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा सूरही तसाच राहतो. तो सोबत असेल तर त्याची पट्टी त्या रात्रीच्या ऑर्गनशी जुळवा. दुपारी जुळवलेली चालणार नाही.

क्वायर पुढे आणि पाइप मागच्या सज्जात असतील तर ३० मीटरला आवाज सुमारे ०.०९ सेकंद उशिरा पोचतो. तेव्हा कानावर विसंबू नका, संचालकाचा हात बघा. ऑर्गनिस्टसमोर आरसा हवाच.

वीज गेली की पाइपांना हवा पुरवणारा ब्लोअर बंद पडतो आणि सूर तिथेच ढासळतो. एक हार्मोनियम उघडून, सूर तपासून क्वायरजवळ ठेवा. ‘सायलेंट नाइट’ हे नाताळगीत १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडोर्फला पहिल्यांदा गायलं गेलं, ते गिटारच्या साथीवर. तेव्हा निदान त्या गीताची एक तालीम तरी ऑर्गनशिवाय करून ठेवा.