व्हिजिटिंग कार्ड छापायला टाकायच्या आधी एवढं बघा

आमच्या मेहुण्यानं औशाकडं कृषी सेवा केंद्र टाकलं, कार्ड मी बनवून दिलं. मोबाईलवर एकदम झकास दिसत होतं आणि छापून आलं तर "शेतकऱ्यांसाठी" चं "शेतक-यांसाठी" झालेलं, एक नाही दोन नाही, हजार कार्डावर. चूक माझीच, प्रूफ (छापायच्या आधी तपासायला देतात तो नमुना) नीट वाचलं नव्हतं. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांची कार्डं केली, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी कार्डावर काय काय नको ते ठरवा. आपल्याकडं वर ॥ श्री ॥, दोन कोपऱ्यात दोन देव, मधी दुकानाचं नाव, खाली प्रो. प्रा., मग बी-बियाणे, खते, औषधे, स्प्रे पंप, ताडपत्री अशी अख्खी यादी, चार मोबाईल नंबर आणि जीएसटी नंबर सुद्धा. जीएसटी नंबर बिलावर लागतो राव, कार्डावर कशाला? नाव, काम, एक नंबर (लईच झालं तर दोन), पत्ता, बास. पत्त्यात खुणेची जागा पाहिजेच, "बसस्टँडसमोर" म्हणलं की माणूस बरोबर येतो. आणि जुनी फाईल उघडून नुसता नंबर बदलत असाल तर गावाचं नाव पण बघा, २०२३ मध्ये नावं बदलली तरी उस्मानाबाद, औरंगाबाद लिहिलेली कार्डं अजून छापून यायलेत. "छत्रपती संभाजीनगर" ला जवळपास एक ओळ जाते, तेवढी जागा आधीच धरा.

साईज साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे साधारण ८९ बाय ५१ मिमी. दुकानाप्रमाणं एखाददुसरा मिमी इकडंतिकडं होतो म्हणून आधी त्यांनाच विचारा. बॅकग्राऊंडला रंग असेल तर तो चारी बाजूनी ३ मिमी बाहेर न्या, यालाच ब्लीड म्हणतात, कारण कटिंग कधीच केसाएवढं अचूक होत नाही आणि ब्लीड नसलं की कडेला पांढरी रेघ दिसते. अक्षरं मात्र कडेपासून ३-४ मिमी आतच ठेवा. फोटो, लोगो ३०० डीपीआयचा (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) पाहिजे, व्हॉट्सॲपच्या डीपीवरून उचललेला लोगो छापल्यावर फुटतोच.

रंगाचं असं आहे की मोबाईल आरजीबीत (लाल, हिरवा, निळा उजेड) दाखवतो आणि मशीन सीएमवायकेत (निळी, गुलाबी, पिवळी, काळी शाई) छापते, त्यामुळं स्क्रीनवरचा चमकणारा पोपटी कागदावर मळका होतो. कॅनव्हा या डिझाईनच्या ॲपच्या फुकट आवृत्तीत रंग आरजीबीच राहतात, तिथं बनवणार असाल तर आधी एक डिजिटल प्रिंट काढून बघा. बारीक अक्षरं नुसत्या काळ्या शाईत ठेवा, चार रंग मिसळून केलेला काळा जरासा सरकला की अक्षराला सावली पडते.

आता मराठीचं, कारण खरा घोळ इथंच होतो. तुम्ही मोबाईलवर युनिकोडमध्ये (सगळीकडं चालणारी अक्षरांची पद्धत) टाईप करता, दुकानात जुनं कोरल (डिझाईनचं सॉफ्टवेअर) आणि जुने फॉन्ट असतात, तिथं पेस्ट केलं की वेलांटी पळते, रफार भलतीकडं बसतो. म्हणून मुक्ता, बालू असला युनिकोड फॉन्ट घ्या आणि सगळी अक्षरं कर्व्ह करूनच (म्हणजे अक्षराचं चित्र करून, मग फॉन्ट नसला तरी बिघडत नाही) पीडीएफ द्या. ती व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही. हिंदी वळणाचा ल आणि श आला असेल तर तोही बदलून घ्या, मला तरी तो डोळ्यात खुपतो. मराठी अक्षर ९-१० पॉइंटच्या खाली नेऊ नका, मात्रा आणि वेलांट्या भरून जातात. नंबर चांगला ठळक, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता आला पाहिजे.

क्यूआर टाकायचा तर किमान २ सेंमी, पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी जागा सोडून, आणि ओरिजिनल साईजमध्येच प्रिंट काढून साध्यातल्या साध्या फोनवर स्कॅन करून बघा.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) आर्टकार्ड, म्हणजे गुळगुळीत पुठ्ठ्यासारखा, पुढून मॅट (न चमकणारं) लॅमिनेशन, कारण उन्हाळ्यात खिशात घामानं कार्डाचा लगदा होतो. मागची बाजू मी मुद्दाम कोरी आणि बिनलॅमिनेशनची ठेवतो, लॅमिनेशनवर पेन चालत नाही. मेहुणा त्यावर फवारणीचं प्रमाण लिहून देतो, पंधरा लिटरच्या पंपाला किती ते, आणि शेतकरी ते कार्ड सोयाबीन निघेपर्यंत टाकत नाही. एकाच बाजूनी लॅमिनेशन केलं की पातळ कागद वळतो, म्हणून जाडीत काटकसर नको.

शंभर कार्डं पाहिजे असतील तर डिजिटल (फाईलवरून थेट छपाई), हजार असतील तर ऑफसेट (प्लेट बनवून छपाई). ऑफसेटला बऱ्याचदा पाच-पंचवीस जणांची कार्डं एकाच शीटवर लावतात, त्यामुळं दर पडतो कमी पण रंग तंतोतंत तुमच्या मनासारखा येईल असं नाही, आणि कित्येक दुकानं तर काम बाहेरगावीच पाठवतात, म्हणून लग्नसराईत चार दिवस जास्तीचे धरा.

प्रूफ आलं की स्वतः वाचू नका, दुसऱ्याला द्या, आणि त्यावरच्या नंबरला फोन लावून बघा, वाजतो का. गठ्ठा हातात आल्यावर वरचं एक कार्ड बघून खिशात घालू नका, मधली दोन-चार काढून कटिंग तपासा, मग उरलेले पैसे द्या. आणि फायनल फाईल पेनड्राईव्हवर घेऊनच निघा, पुढच्या वेळी दुकानदार "कॉम्प्युटर फॉरमॅट मारला" म्हणतो.