दुखणे थांबले म्हणजे बरे झाले, असे नाही: संयोजी ऊतींबाबत या चुका टाळा

फिजिओथेरपीच्या कामात मला वारंवार दिसणारी आणि दर वेळी तितकीच बोचणारी चूक म्हणजे दुखणे थांबले की इजा भरून आली असे समजणे. संयोजी ऊती म्हणजे शरीराचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या आणि धरून ठेवणाऱ्या ऊती; त्या सावकाश भरून येतात. स्नायूला भरपूर रक्त मिळते, म्हणून तो लवकर सावरतो. त्याला हाडाशी जोडणाऱ्या स्नायुरज्जूला मात्र रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, आणि टाचेवरच्या स्नायुरज्जूच्या गाभ्यातले कोलॅजेन, म्हणजे त्याला बळकटी देणारे धाग्यांसारखे प्रथिन, तर वयाच्या साधारण 17 वर्षांनंतर जवळजवळ बदलतच नाही. पन्नाशीत आपण ज्या दोराच्या भरवशावर धावतो, तो किशोरवयातच वळून झालेला असतो.

अशाच वयाच्या एका गृहस्थांचा हा टाचेवरचा स्नायुरज्जू दुखावला होता, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना बरे वाटू लागले. पुढचा व्यायाम त्यांना कंटाळवाणा वाटला, म्हणून राहिलेल्या दुखण्यावर त्यांनी परस्पर स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले आणि धावणे सुरू केले. एके दिवशी जिना चढताना मागून कोणी पोटरीवर लाथ मारल्याचा भास होऊन त्यांनी वळून पाहिले, तर मागे कोणीच नव्हते. त्यांना पालथे झोपवून मी पोटरी दाबली, पण पाऊल जरासुद्धा हलले नाही, आणि टाचेच्या वर बोट रुतेल एवढी खाच हाताला लागली: स्नायुरज्जू तुटला होता. तेव्हापासून बारा आठवड्यांच्या आत मी कोणालाही धावू देत नाही, आणि व्यायाम करताना दुखले का, यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावले कशी पडली, हे आधी विचारतो.

दुसरी चूक म्हणजे मधुमेहात आखडलेला खांदा जोर लावून सोडवू पाहणे. रक्तातली जादा साखर वर्षानुवर्षे कोलॅजेनला चिकटत राहते आणि त्याचे धागे एकमेकांत जखडून टाकते, त्यामुळे हिसका दिल्याने सांधा मोकळा होत नाही, उलट सूज वाढते. खांद्याला हात लावण्याआधी मी दोन्ही तळवे जुळवायला सांगतो. बोटेही अशीच आखडून दोन्ही हातांच्या बोटांमध्ये फट राहिली, तर साखरेची चौकशी आधी करतो.

वयाबरोबर सगळेच सैल पडते, हाही गैरसमज आहे. त्वचा ओघळते, पण लवचीकपणा देणारे इलॅस्टिन हे प्रथिन झिजल्यामुळे मोठ्या रोहिण्या ताठरतात. ज्यांचे सांधे जन्मतःच जास्त वाकतात, त्यांनी ताणाचे व्यायाम वाढवू नयेत, बळ वाढवावे. कोलॅजेनची पावडर पोटात पचते, ती जशीच्या तशी गुडघ्यात जाऊन बसत नाही. स्नायुरज्जूला अपाय करू शकणारे सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक चालू असताना टाचेवर दुखू लागले, तर व्यायाम त्याच दिवशी थांबवावा आणि डॉक्टरांना कळवावे.