डकटेल्सची जुनी कॅसेट पुन्हा चालू करायची तर

नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर हिंदीतले ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ लागायचे, आणि त्याच सुमारास घरोघरी आठ बिटांचा टीव्ही गेम येऊ लागला. निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या जपानी गेमयंत्राची ती नक्कल होती आणि तिच्या पिवळ्या, काळ्या कॅसेटांमध्ये हीच कार्टून मंडळी होती. डिस्नेचा परवाना घेऊन कॅपकॉम कंपनीने १९८९ मध्ये ‘डकटेल्स’ काढला, १९९० मध्ये ‘चिप एन डेल रेस्क्यू रेंजर्स’, १९९१ मध्ये ‘टेलस्पिन’ आणि १९९२ मध्ये ‘डार्कविंग डक’. कार्टूनच्या नावावर कसाबसा खेळ खपवायचा, अशी त्या काळची सर्रास रीत होती. हे चार मात्र मनापासून केलेले खेळ आहेत आणि आजही तितक्याच गोडीने खेळता येतात. म्हणून माळ्यावरची कॅसेट ‘मेली’ असे ठरवून भंगारात देऊ नका. न चालणाऱ्या कॅसेटांतल्या बहुतेकींची चिप शाबूत असते. दोष असतो तो पिनांत, अ‍ॅडॅप्टरमध्ये नाहीतर टीव्हीच्या जोडणीत. तपासणी याच क्रमाने करावी, कारण पहिल्या कामाला काही रुपयेच लागतात.

हातात नेमके काय आहे

कॅसेटच्या तळाच्या पिना मोजा. दोन्ही बाजूंना ३० म्हणजे एकूण ६० असतील तर ती फॅमिकॉम जातीची, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही गेमची. अमेरिकेतून कोणी आणलेली मोठी करडी कॅसेट असेल तर तिला ७२ पिना असतात. ती आपल्या टीव्ही गेममध्ये बसत नाही, जोडपट्टी लागते. उलट, ६० पिनांची कॅसेट एनईएसमध्ये, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकन रूपात, घालायची असेल तर जोडपट्टीत कुलपाची चिपही हवी, जिच्यावरून यंत्र कॅसेट ओळखते. ती नसेल तर यंत्र सेकंदाला एकदा असे सतत रिसेट होत राहते आणि माणूस उगाच कॅसेटला दोष देतो.

‘९९९९९९९ इन १’ असे लिहिलेल्या कॅसेटमध्ये ‘डकटेल्स’ शोधू नका. त्या कॅसेटांत चाळीस किलोबाइटपर्यंतचे छोटे खेळ भरलेले असतात आणि तेच नावे बदलून पुन्हा पुन्हा येतात. ‘डकटेल्स’ एकटाच १२८ किलोबाइटचा आहे. तो सापडला तर एकट्याच्या कॅसेटमध्ये किंवा तीन-चार खेळांच्या कॅसेटमध्ये सापडेल.

सफाई

सर्वांत आधी एक सवय सोडायची: फुंकर. फुंकरीने धूळ थोडी उडते, पण थुंकीचा ओलावा पिनांवर बसतो आणि त्यानेच तांब्यावर हिरवट गंज चढतो. फुंकर मारल्यावर खेळ चालतो असे वाटते, त्याचे खरे कारण म्हणजे कॅसेट काढून पुन्हा बसवताना पिना घासल्या जातात.

लागणारे सामान: आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्के मिळाले तर उत्तम, औषधाच्या दुकानातले ७० टक्क्यांचेही चालते, मात्र त्यात पाणी असल्याने वाळायला जास्त वेळ द्यावा लागतो), कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, पांढरा मऊ खोडरबर, जुने एटीएम कार्ड आणि धुऊन मऊ झालेले पातळ सुती कापड.

कॅसेट मधल्या एका स्क्रूवर किंवा नुसत्या खाचांवर बंद असते. खाचांची असेल तर वरच्या कडेला कार्ड घालून हळूच उकला. पेचकस घातला की प्लॅस्टिकचा कान तुटतो आणि मग दोन्ही भाग कायम हलत राहतात. आत एक पट्टी आणि तिच्यावर काळ्या डांबरासारखा गोल थेंब दिसेल. चिप त्या थेंबाखाली असते, तिला हात लावायचा नाही.

काडी अल्कोहोलमध्ये बुडवून, टोक दाबून जादाचा थेंब काढा आणि पिनेच्या लांबीच्या दिशेने, वरून खाली, पुसा. आडवे पुसले तर एका पिनेची घाण शेजारच्या दोन पिनांच्या फटीत जाऊन बसते. काडी काळी झाली की नवी घ्या आणि ती पांढरीच निघेपर्यंत दोन्ही बाजू पुसा. पाच-सहा काड्या लागणे नेहमीचेच. तरीही पिना काळवंडलेल्या राहिल्या तर खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि त्याचा भुगा पुन्हा अल्कोहोलने काढा. पॉलिश पेपर कधीही नको. पिनांवरचा मुलामा इतका पातळ असतो की तो एकदा खरवडला गेला की पुढच्या पावसाळ्यात तांबे उघडे पडून गंजते.

कॅसेट चकचकीत झाली, पण यंत्राची खाच तशीच राहिली तर अर्धेच काम झाले. कॅसेटची पट्टी १.२ मिलिमीटर जाड असते आणि एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर. कार्डाच्या आखूड बाजूला सुती कापडाचा एकच पदर गुंडाळला की जाडी बरोबर जुळते. कापड अल्कोहोलने ओलसर करा, निथळते नको. यंत्र बंद ठेवून, अ‍ॅडॅप्टर काढून, कार्ड खाचेत सरळ खाली-वर दहा वेळा घाला. खाच साधारण ७६ मिलिमीटर रुंद असते आणि कार्डाची ही बाजू ५४ मिलिमीटर, म्हणून आधी डावीकडचा भाग, मग उजवीकडचा. कापडाचे दोन पदर करू नका. त्याने आतल्या पिना फाकतात आणि मग कॅसेट कायमची सैल बसते. सगळे वाळायला अर्धा तास द्या.

वीज

अ‍ॅडॅप्टर हरवला की घरातला कुठलाही जोडायचा, हा यंत्र जाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग. यंत्राच्या तळाशी किंवा मागे किती व्होल्ट आणि मधली पिन धन की ऋण हे छापलेले असते. मूळ जपानी फॅमिकॉमला १० व्होल्ट, ८५० मिलीअँपिअर लागतात आणि मधली पिन ऋण असते. नकलांमध्ये दोन्ही प्रकार आढळतात, म्हणून छापलेले वाचा आणि मल्टिमीटरने ताडून पाहा. जुना ट्रान्सफॉर्मरवाला ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर नुसता मोजला तर १२-१३ व्होल्ट दाखवतो. भार आला की तो खाली येतो, तेव्हा घाबरू नका.

आत ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर (व्होल्ट ५ वर स्थिर ठेवणारा भाग) असेल तर, छापलेली बाजू समोर धरून, डाव्या पायावर किमान ७ व्होल्ट आणि उजव्या पायावर ५ व्होल्ट दिसायला हवेत. यंत्र चालू असताना उजवीकडे ४.८ च्या खाली येत असेल तर खेळ मध्येच गोठतो. शेजारचा मोठा कपॅसिटर वरून फुगला असेल किंवा पडद्यावर आडवे पट्टे सरकत असतील तर तो बदला. मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्ट तितके किंवा जास्त, आणि पांढऱ्या पट्टीचा पाय ऋण बाजूलाच.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने एनईएस दिला असेल तर त्याचा अ‍ॅडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात घालू नका. तो १२० व्होल्टचा आहे, क्षणात जळेल. त्या यंत्राच्या आत ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे आलेली वीज योग्य दिशेला वळवणारा भाग, असल्याने इकडचा ९ व्होल्ट, किमान १ अँपिअरचा साधा डीसी अ‍ॅडॅप्टर चालतो, पिनेची दिशा कोणतीही असो. ही सवलत फक्त त्याच यंत्राला. आपल्या टीव्ही गेममध्ये उलटी दिशा सहसा महागात पडते.

टीव्ही

अँटेनाची वायर असेल तर आधी गेम चालू करा आणि मगच टीव्हीवर अ‍ॅनालॉग चॅनलांचा शोध लावा. गेम बंद असताना शोधाला काहीच सापडत नाही. यंत्राला एव्ही सॉकेट असेल तर तेच वापरा, चित्र कितीतरी स्वच्छ येते. नव्या टीव्हींवर एव्हीसाठी ३.५ मिलिमीटरचे एकच भोक असते आणि त्याच्या वायरीतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. पिवळ्या टोकाने चित्र आले नाही तर तेच टोक लाल आणि पांढऱ्या जागी लावून पाहा.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर रूपांतराचा डबा लागतो. तो ‘एव्ही टू एचडीएमआय’ असावा. तसाच दिसणारा ‘एचडीएमआय टू एव्ही’ उलट दिशेचा असतो आणि दुकानात हमखास अदलाबदल होते. स्वस्त डब्यात चित्र थोडे उशिरा पोचते. उडी चुकू लागली तर टीव्हीच्या मेनूत ‘गेम मोड’ लावा, फरक लगेच कळतो.

खेळ संथ वाटतो का? आपल्याकडचे पाल (भारतातली टीव्ही प्रक्षेपणाची जुनी पद्धत) पद्धतीचे टीव्ही गेम सेकंदाला ५० चित्रे देतात, तर ‘डकटेल्स’ ६० चित्रांसाठी लिहिलेला आहे. एका मिनिटाचे काम ७२ सेकंदांत होते. सूर जवळपास तोच राहतो, पण ठेका मंदावतो. लहानपणी ऐकलेली ‘डकटेल्स’मधल्या चंद्राच्या टप्प्याची धून मूळ खेळात इतकी चपळ का वाटते, त्याचे उत्तर हेच. हा बिघाड नाही, दुरुस्त करायला जाऊ नका.

पडदा काय सांगतो

पडदा एकाच रंगाचा, खेळ सुरूच होत नाही: प्रोग्रामच्या पिना जोडल्या जात नाहीत. सफाई पुन्हा करा, कॅसेट एक मिलिमीटर वर उचलून पाहा.

आवाज ठणठणीत, खेळही चालतोय, पण चित्रांच्या जागी अक्षरांचा कचरा: चित्राच्या पिना. ‘डकटेल्स’ची चित्रे आठ किलोबाइटच्या वेगळ्या रॅममध्ये चढवली जातात. बाकी सगळ्या कॅसेटा नीट दिसतात आणि हीच एक तीन-चार सफायांनंतरही फाटकी दिसते, तर त्या रॅमवर संशय घ्यावा. तिथे मात्र झाळकाम येणाऱ्याची मदत लागते.

चित्र उत्तम, आवाज अजिबात नाही: इथे बहुतेक जण टीव्हीच्या वायरी बदलत बसतात. फॅमिकॉममध्ये आवाज यंत्रातून कॅसेटमध्ये जाऊन परत येतो, पिन ४५ मधून ४६ मध्ये. या दोन पिना एका बाजूच्या तीस पिनांत अगदी मध्यावर, पंधरावी आणि सोळावी, असतात. दोन्ही बाजूंच्या मधल्या पिना नीट घासा. काही नकलांत हा जोड यंत्रातच केलेला असतो. तिथे मग आवाजाची वायर बघावी.

दहा-पंधरा मिनिटे छान चालून गोठतो: रेग्युलेटर तापतोय किंवा अ‍ॅडॅप्टर दमतोय.

खेळूनच घ्यायची चाचणी

‘डकटेल्स’ ही रिमोटची फार चांगली परीक्षा आहे. ‘ए’ने उडी मारा आणि हवेत असतानाच खालची दिशा व ‘बी’ एकत्र दाबा, म्हणजे अंकल स्क्रूज छडीवर टुणटुण उड्या मारू लागतो. ‘बी’ दाबून ठेवायचे, सोडले की छडी थांबते. टर्बोचे ‘बी’ इथे वापरू नका, कारण ते स्वतःच दाब सोडत राहते. साध्या ‘बी’नेही छडी दहातून चार वेळा लागत नसेल तर रिमोट उघडा. रबराच्या बटणांखालची काळी टिकली आणि पट्टीवरचा काळा पट्टा अल्कोहोलने हलकेच पुसा. जोरात घासले तर तो काळा कार्बनच निघून येतो. ही चाचणी खेळातल्या अ‍ॅमेझॉनच्या टप्प्यात घ्यावी. हिमालयाच्या टप्प्यात नको, कारण तिथे मऊ बर्फावर छडीने उडी मारली की स्क्रूज बर्फात रुततो. तो खेळाचाच भाग आहे, पण त्यापायी चांगले रिमोट खोलले जातात.

पाच जागांपैकी कुठूनही सुरुवात करता येते, तरी ट्रान्सिल्व्हेनिया आफ्रिकेच्या खाणींआधी करा. खाणीची किल्ली तिथेच आहे. खेळात पासवर्ड नाही, कॅसेटमध्ये बॅटरी नाही, तेव्हा एका बैठकीत संपवावा लागतो. बैठकीआधी यंत्र वीस मिनिटे नुसते चालू ठेवून पाहिले म्हणजे शेवटच्या ड्रॅक्युला डकसमोर पडदा गोठणार नाही.

इतके करूनही कॅसेट उठली नाही, तर कॅपकॉमने २०१७ मध्ये ‘डिस्ने आफ्टरनून कलेक्शन’ नावाने हे चार खेळ आणि ‘डकटेल्स’ व ‘रेस्क्यू रेंजर्स’ यांचे दुसरे भाग, असे सहा खेळ संगणकासाठी आणि त्या वेळच्या कन्सोलसाठी काढले. त्यात चूक झाली की खेळ मागे फिरवता येतो, लहान मुलांबरोबर खेळताना त्याचा फार उपयोग होतो.

चालू झालेली कॅसेट यंत्रात खोचून ठेवू नका, आतल्या पिनांचा ताण जातो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत ती झाकण लागणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर ठेवा, आणि जूनच्या आधी एकदा काढून पिना पुसून परत ठेवा.