जुन्या लष्करी पिस्तुलाचं मॅगझिन घेताना या चुका टाळा

९ मिमी पिस्तूल सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही, म्हणून गोव्यातल्या परवानाधारकाचा संबंध येतो तो बहुधा .३२ बोअरशी (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास). पहिल्या महायुद्धाच्या काळात पोर्तुगीज सैन्याने घेतलेलं सॅव्हेज हे अमेरिकी पिस्तूल याच बोअरचं, त्याचं मॅगझिन (काडतुसं भरायची सुटी पेटी) १० काडतुसांचं. अशा पिस्तुलांची अस्सल मॅगझिनं दुर्मीळ, आणि नक्कल खपते ती तिथेच.

सर्वांत मोठी चूक म्हणजे शिक्का बघून पैसे मोजणं. शिक्का उमटवायला एक पंच पुरतो. जुना लष्करी साठा भासवायला लावलेले ग्रीस आणि मेणकागद तर त्याहून सोपे. त्यापेक्षा पत्र्याचा सांधा बघा. वेल्डिंगचे थेंब आत राहिले असतील तर फॉलोअर, म्हणजे काडतुसांना खालून वर ढकलणारी पट्टी, अडतो. पेन्सिलीने तो हळूहळू तळापर्यंत दाबा, मग तिरका दाबा. सोडल्यावर कुठेही न थबकता वर आला पाहिजे. काळा रंग ताजा आणि त्याखाली गंजाचे खड्डे दिसले, तर माल पावसाळे खाऊन आलेला आहे.

फीड लिप्समधलं, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या दोन वळलेल्या कडांमधलं, अंतर पुढे, मध्ये आणि मागे व्हर्नियर मोजपट्टीने मोजून चालू मॅगझिनशी ताडा. कमीजास्त असेल तर पकडीने वाकवायचा मोह आवरा. कडक पोलाद तडकतं, मऊ पुन्हा फाकतं.

.३२ ची खोड वेगळीच. काडतुसाची कड बुडापेक्षा सुमारे अर्धा मिमी रुंद असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि झटके देऊनही सुटत नाहीत. नकली मॅगझिन आतून पुढे-मागे सैल असेल, त्यात आखूड हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळी असलेलं काडतूस) भरलं असेल, तर हे सहज होतं. दोष काडतुसावर ढकलला जातो. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकवा, कड खालच्याच्या पुढे ठेवा.

चाचणी डमी, म्हणजे दारू नसलेल्या काडतुसांनीच, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं असल्याची खात्री करून. काडतुसाचं टोक खाली रुततं तेव्हा स्प्रिंग कमजोर असते किंवा फॉलोअर कलतो. दोन एकदम निघाली तर लिप्स फाकलेल्या. मॅगझिन आपोआप खाली सरकत असेल तर कॅचची, म्हणजे मॅगझिन अडकवून धरणाऱ्या खटक्याची, खाच चुकीच्या जागी कापलेली. तिथे कानस चालवून काही होत नाही, परत करा.

परत करायला बिल लागतं, म्हणून खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार सुटे भागही शस्त्रांतच मोडतात. परदेशातून परवान्याशिवाय मागवलेलं पार्सल हा गुन्हा, मग आतला माल अस्सल का असेना.