रेडिओलॉजी परिषदेसाठी ॲब्स्ट्रॅक्ट: लिहायला बसा ते निष्कर्षापासून

एमडी रेडिओलॉजीच्या दुसऱ्या वर्षात कधीतरी गाइड रिपोर्टिंग संपवून उठताना म्हणतात, "यावर एक ॲब्स्ट्रॅक्ट टाक." म्हणजे परिषदेला पाठवायचा अभ्यासाचा छोटा सारांश. मग आपण काय करतो? नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला पाठवलेल्या सिनॉप्सिसची (प्रबंधाच्या आराखड्याची) फाइल उघडतो आणि तिला कात्री लावतो. पुण्यात कुठल्याही कॉलेजात जा, ही खोड सारखीच. सिनॉप्सिसमध्ये आपण काय करणार ते लिहिलेलं असतं. परिषदेच्या परीक्षकाला मात्र काय सापडलं ते हवं असतं, आणि त्याच्यासमोर तसल्या ॲब्स्ट्रॅक्टांचा ढीग असतो.

म्हणून आधी निष्कर्षाचं एकच वाक्य लिहा, आकड्यासकट. समजा, सोनोग्राफी अपेंडिसायटिस किती पकडते हा विषय आहे. ऑपरेशननंतर हिस्टोपॅथॉलॉजीत (काढलेल्या अपेंडिक्सच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत) निदान पक्कं झालेले 40 रुग्ण तुमच्याकडे आहेत आणि त्यांतले 36 सोनोग्राफीत आधीच सापडले होते. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे आजार असलेल्यांपैकी चाचणीत सापडलेल्यांचं प्रमाण, 90 टक्के. वाक्य झालं.

आता त्या वाक्याची उलटतपासणी घ्या. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. रुग्ण फक्त 40 असताना 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो) साधारण 77 ते 96 टक्के येतो. म्हणजे खरा आकडा 80च्या खालीही असू शकतो. मग 'सोनोग्राफी अत्यंत विश्वासार्ह आहे' असं कुठल्या तोंडाने लिहायचं? इंटरव्हल आकड्याशेजारीच छापा.

दुसरा प्रश्न जास्त बोचरा आहे: हे 40 आले कुठून? ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरमधून. ज्यांची सोनोग्राफी नॉर्मल आली आणि ज्यांना गोळ्या देऊन घरी पाठवलं, ते हिशेबातच नाहीत. त्यांतल्या एखाद्याचं दुखणं रात्री वाढलं असेल आणि तो घराजवळच्या दवाखान्यात अपेंडिक्स काढून मोकळाही झाला असेल. आपल्याला पत्ता नाही. चुकलेल्या केसेस अशा परस्पर गळतात आणि सेन्सिटिव्हिटी फुगते. याला व्हेरिफिकेशन बायस म्हणतात. अभ्यास सुरू असेल तर घरी गेलेल्यांना काही आठवड्यांनी फोन करून विचारा. अभ्यास संपला असेल, तर ही मर्यादा एका ओळीत कबूल करा. आणि फक्त आजार असलेलेच रुग्ण घेतले असतील, तर स्पेसिफिसिटीबद्दल (आजार नसलेल्यांना चाचणी किती वेळा बरोबर 'नाही' म्हणते त्याबद्दल) अवाक्षर काढू नका. ती काढायला आजार नसलेली माणसं लागतात.

वाक्य टिकलं की मेथड्स. रुग्ण सलग घेतले की निवडून, कोणत्या काळातले, मशिन कोणतं (एमआरआय असेल तर 1.5 टेस्ला की 3), स्कॅन किती जणांनी वाचले, वाचताना त्यांना अंतिम निदान माहीत होतं का, आणि ते निदान कशावरून ठरवलं. निदानचाचणीच्या ॲब्स्ट्रॅक्टमध्ये काय असावं याची 11 मुद्द्यांची 'स्टार्ड' यादी 2017 मध्ये आली आहे. ती शेजारी ठेवली तरी निम्मं काम होतं. इंजिनिअरिंगवाल्या मित्राबरोबर एआयचं काम केलं असेल, तर एक गोष्ट तपासाच: एकाच रुग्णाचे स्लाइस (स्कॅनमधली एकेक चित्रं) मॉडेलच्या ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही गेले नाहीत ना? गेले असतील तर तुमचे 98 टक्के म्हणजे पेपर फुटलेल्या परीक्षेतले मार्क.

पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी लिहा, दोन ओळी. 1895 साली राँटगेनने एक्स-रे शोधला, इथून सुरुवात करू नका. परीक्षकाला ते माहीत आहे.

एथिक्स कमिटीची परवानगी मात्र शेवटी घेऊन चालत नाही. जुन्या स्कॅनवरचा अभ्यास असला तरी अर्ज लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा वेळी कमिटी रुग्णाच्या संमतीतून सूट देऊ शकते. ती सूट आपली आपण घ्यायची नसते.

बऱ्याच परिषदांत परीक्षकाला लेखक कोण ते कळू देत नाहीत. तिथे 'ससून रुग्णालयात' असं न लिहिता 'एका मोठ्या सरकारी रुग्णालयात' असं लिहा. चित्रांचं तर फारच जपायला हवं. डायकॉम (स्कॅन साठवायच्या प्रमाण स्वरूपातल्या) फाइलच्या हेडरमध्ये नाव, जन्मतारीख, रुग्णालय सगळं असतं, आणि सोनोग्राफीत ते बहुधा चित्रावरच उमटलेलं असतं. मी एकदा पॉवरपॉइंटमध्ये कडा क्रॉप करून निश्चिंत झालो होतो. क्रॉप केलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो, एका क्लिकमध्ये परत येतो. सहलेखिकेने तो परत आणून दाखवला तेव्हा रुग्णाचं पूर्ण नाव समोर होतं. तेव्हापासून नाव मूळ चित्रातच काळं करतो आणि मगच स्लाइडवर टाकतो.

शब्दमर्यादा परिषदेगणिक बदलते. कुठे शब्द मोजतात, कुठे अक्षरं, कधी मोकळ्या जागांसकट. पहिला शब्द टाइप करण्याआधी हे बघा. परदेशातल्या परिषदेच्या मुदतीची वेळही आपली नसते: उन्हाळ्यात शिकागो आपल्या साडेदहा तास मागे असतं, हिवाळ्यात व्हिएन्ना साडेचार तास.

मुदतीआधी आठवडाभर सगळ्या सहलेखकांना अंतिम मसुदा पाठवा आणि हितसंबंधांची माहिती भरून घ्या. काही परिषदांत ती प्रत्येकाला स्वतः लॉगिन करून भरावी लागते. शेवटच्या रात्री तुमचे सर कोकणात असतात, आणि ओटीपी त्यांच्या फोनवर येतो.