बालवाडीत मुक्तखेळाचा तास कसा मांडावा

मुक्तखेळ म्हणजे मुलांना मोकळं सोडायचं आणि तेवढ्यात रजिस्टर भरून घ्यायचं, असा समज बऱ्याच ठिकाणी आहे. खरं तर या तासाला ताईंचं काम वाढतं. ते बरंचसं मुलं येण्याआधी उरकायचं असतं, म्हणून दिसत नाही इतकंच. काय खेळायचं, कुणाबरोबर आणि किती वेळ, हे मुलं ठरवणार. समोर काय ठेवायचं आणि कुठे, हे ताई ठरवणार. खालची मापं ३ ते ६ वर्षांची २० मुलं, एक ताई, एक मदतनीस आणि १५ बाय २० फुटांची खोली धरून दिली आहेत.

आधी वेळेचं. सलग ४५ मिनिटांपेक्षा कमी नको, तास मिळाला तर उत्तम. पहिली दहा-बारा मिनिटं मुलं नुसती हिंडतात, इथे हात लाव, तिथे डोकाव. तो वेळ वाया जात नाही, निवड चाललेली असते. वीस मिनिटांचाच तास ठेवला तर खेळ रंगात येतो न येतो तोच आवराआवर सुरू होते. असं रोज झालं की मुलं शहाणी होतात आणि पटकन संपणारेच खेळ घेऊ लागतात. मग ‘आमची मुलं कशातच रमत नाहीत’ अशी तक्रार येते.

कोपरे पाच पुरे: ठोकळे, भातुकली, पाणी किंवा वाळू, माती आणि पुस्तकं-चित्रं. एकूण जागा मुलांपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त हव्यात, म्हणजे २० मुलांना २६-२७. जागा मोजक्या ठेवल्या तर शेवटच्या मुलाला उरेल ते घ्यावं लागतं, मग निवड राहिली कुठे? गर्दी आवरायला पाण्याजवळ पाच खुंट्यांवर पाच एप्रन टांगा. एप्रन संपले की जागा संपली. ताईंना ‘आता नको’ म्हणायची वेळच येत नाही.

पाणी ओसरीवर किंवा दाराशी ठेवा, पुस्तकं उजेडात. ठोकळे दोन भिंतींच्या कोपऱ्यात असावेत, येण्याजाण्याच्या वाटेवर मुळीच नकोत. बांधलेलं कुणाच्या पायाने पडतं आणि अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात. भातुकली ठोकळ्यांच्या शेजारी असली तर बरी, कारण ठोकळ्यांच्या भाकरी होतात आणि विटाही. खोलीत सरळ लांब पट्टा मोकळा राहिला की मुलं धावणारच. ओरडण्यापेक्षा मध्ये एक बुटकं बाक आडवं टाका.

ठोकळ्यांबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बाजारातले रंगीत प्लॅस्टिकचे ठोकळे हलके असतात, घसरतात. सुताराकडून करून घ्या. मूळ ठोकळा १४ × ७ × ३.५ सेंमी, अर्धा ७ × ७ × ३.५, दुप्पट २८ × ७ × ३.५, शिवाय मूळ ठोकळा कर्णावर कापून झालेले त्रिकोण. लांबी, रुंदी, जाडीचं ४:२:१ हे प्रमाण न्यूयॉर्कच्या शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांच्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या ठोकळ्यांतून आलं आहे आणि आजही त्याला तोड नाही. पाच मुलांना ६० मूळ, ३० अर्धे, १६ दुप्पट आणि १२ त्रिकोण लागतात. लाकूड मुरलेलं सागाचं घ्या. ओलं लाकूड वाळताना वाकतं. कडा १२० नंबरच्या, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने मारून घ्या. रंग नको, व्हार्निश नको.

माल घेताना सुतारासमोरच तपासा: दोन अर्धे ठोकळे जोडून जमिनीवर ठेवा आणि शेजारी एक मूळ. लांबी नेमकी जुळली पाहिजे. मग दहा ठोकळ्यांचे दोन मनोरे रचून त्यांवर दुप्पट ठोकळा आडवा टाका. जाडीत एकेका मिलिमीटरचा फरक असला तरी दहाव्या थरापर्यंत तो साठत जातो आणि पूल डुगडुगतो. मोठ्यांना कळतं की ठोकळाच वाकडा आहे. चार वर्षांच्या मुलाला वाटतं, आपलाच हात वाईट. दोन-तीनदा असं झालं की ते मूल त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही.

मातीला शाडू. एका मुलाला मोसंबीएवढा गोळा लागतो, म्हणजे सहा जणांना मळलेली दीड किलो. शाडू आदल्या रात्री भिजत घाला, सकाळी वरचं पाणी ओतून टाका आणि बोटाला चिकटणार नाही इतकी मळा. उरलेल्या गोळ्यांना अंगठ्याने खळगा पाडायचा, त्यात पाणी भरायचं, ओलं गोणपाट घालून डबा बंद. दुसऱ्या दिवशी माती पुन्हा मऊ असते. सांडलेला शाडू कोरडा झाडू नका, धूळ उडते; ओल्या फडक्याने पुसा. मीठ घातलेल्या कणकेचे गोळे अनेक जण सुचवतात. जिथे घरात पीठ मोजून वापरतात तिथे ते खेळायला देणं बरं दिसत नाही.

पाणी घमेल्यात १० सेंमी खोल, त्याहून जास्त नको. तेवढ्या पाण्यातही मूल बुडू शकतं, त्यामुळे मदतनीस तिथून हलत नाही आणि तास संपताच घमेलं पालथं. सोबत नरसाळं, तांब्या, चाळणी, भोक पाडलेली बाटली. वाळू चाळून, धुऊन घ्या. एका बादलीला तांब्याभर पाणी घातलं की मूद पडते. रात्री झाकून ठेवा, नाहीतर मांजरं घाण करतात.

मोजायला, मांडायला बिया, शिंपले, खडे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा माँटेसरी पद्धतीची विकतची शैक्षणिक साधनं तिथे परवडणारी नव्हती. आसपास मिळेल त्यातून साधनं केली गेली. पण वेचताना डोळसपणे वेचा. गुंजा, एरंडाच्या बिया आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या विषारी आहेत, आणि नेमक्या त्याच दिसायला सुंदर. हरभरा-वाटाणा नको: नाकात गेला तर ओलाव्याने फुगतो. चिंचोके तीन वर्षांपुढच्या मुलांनाच, तेही नजरेखाली.

पाचही कोपरे पहिल्या दिवशी उघडू नका. आठवडाभर रोज एक वाढवा. काय कुठे परत ठेवायचं हे मुलांच्या हाताला कळू द्या. फळीवर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढली की आवरणं हाही खेळच होतो. थांबण्याआधी पाच मिनिटं सांगायचं, मग आवरायला दहा मिनिटं.

तास सुरू झाला की ताईंनी बसायचं, मुलांच्या उंचीवर. ‘हा कोणता रंग? किती झाले?’ अशी उलटतपासणी सुरू केली की खेळ थांबतो आणि परीक्षा सुरू होते. बोलायचंच तर दिसतंय ते बोला: ‘मोठा खाली ठेवलास, आता हलत नाही.’ नमुना करून दाखवू नका. ताईंनी मातीचा गणपती केला की वीस गणपती होतात. एका ट्रकवरून दोघं भांडली तर मारामारी होत नाही तोवर जरा थांबा, मग जवळ जाऊन म्हणा, ‘ट्रक एक, हात दोघांचे. काय करू या?’ पाच वर्षांची मुलं तोड काढतात. तीनची काढत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी आवडीच्या वस्तू दोन-दोन ठेवा.

रोज तिघांचीच नोंद, तारखेसह, दोन ओळींत. ‘हुशार आहे’, ‘मस्ती करते’ ही नोंद नव्हे. नोंद अशी असते: ‘मुलगी, ४ वर्षे. बाटलीच्या भोकावर बोट ठेवून धार थांबवली, बोट काढून पुन्हा सोडली, सहा वेळा.’ शाळेच्या सात दिवसांत सगळ्यांचा नंबर लागतो. ही नोंद वाचूनच उद्याची मांडणी बदलते: तिच्या घमेल्यात दोन भोकांची बाटली, एक भोक वर आणि एक खाली. एकच वस्तू वाढवायची, धडा घ्यायचा नाही.

पालक विचारणारच, आज काय शिकवलं? तेव्हा ‘खेळातून शिक्षण’ हे शब्द उपयोगी पडत नाहीत. पेन्सिल धरायला जी बोटं लागतात ती शाडू वळताना बळकट होतात, हे सांगा आणि त्यांच्या मुलाची नोंद वाचून दाखवा. पायाभूत स्तराच्या, म्हणजे ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठीच्या, २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही मुक्तखेळाला जागा आहे, हेही सांगता येईल. तरी पटलं नाही तर एका सकाळी त्यांना अर्धा तास बसवा, हातात वही द्या आणि दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाची नोंद लिहायला सांगा.