मोठी सेडान विकून छोटी हायब्रिड घ्यायची तर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या एका खांबावर काळ्या रंगाचा ओरखडा आहे. तो माझ्या जुन्या जर्मन सेडानचा. गाडी जवळपास पाच मीटर लांब, आणि पार्किंग बिल्डरने आखलेलं. रोज संध्याकाळी तीन-चारदा मागेपुढे करून ती आत जायची, मग मी पोट आत ओढून दाराच्या फटीतून बाहेर यायचो. आता तिथे साडेचार मीटरच्या आतली हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेली गाडी, उभी असते. हा बदल करताना काही गोष्टी बरोबर झाल्या, काही चुकल्या. त्या ज्या क्रमाने करायला हव्या होत्या, त्या क्रमाने सांगतो.

आधी पंधरा दिवस वही ठेवा

ॲव्हरेजचा हिशेब नंतर. आधी गाडीत कोण कुठे बसतं ते लिहा. लक्झरी सेडानची निम्मी किंमत मागच्या सीटची असते: पाय पसरायला जागा, पडदे, गाढ शांतता. माझ्या वहीत पंधरापैकी अकरा दिवस मी एकटा, तोही स्टिअरिंगवर. मागच्या सीटवर दोनदा आई-बाबा. डिकीत कायम एक छत्री आणि रद्दीत द्यायचा राहिलेला पेपरांचा गठ्ठा.

तुमच्याकडे ड्रायव्हर असेल आणि रोजचे दोन तास तुम्ही मागे बसून काम करत असाल, तर माझं स्पष्ट मत आहे, छोट्या गाडीच्या फंदात पडू नका. सहा महिन्यांत पस्तावाल.

'हायब्रिड' शब्दावर जाऊ नका

शोरूममध्ये दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव आहे. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, पण एकटी गाडी ओढत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये गाडी काही अंतर निव्वळ बॅटरीवर चालते, ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत जाते आणि इंजिन गरजेपुरतं सुरू-बंद होतं. चार्जिंगला लावायची भानगड नाही. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून कोटेशनवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव वाचा. होंडा सिटीची ई:एचईव्ही ही हायब्रिड आवृत्ती मात्र स्ट्राँगच. या तिन्ही गाड्या २०२२मध्ये आपल्याकडे आल्या. सेडानमधून सेडानमध्येच जायचं असेल तर सिटी, गुडघ्यांचा त्रास असेल तर उरलेल्या दोन. उंच सीटवर माणूस सरळ बसतो, सेडानमध्ये त्याला खाली उतरावं लागतं.

बॅटरीची धास्ती बरेच जण घेतात. टोयोटा आणि होंडा दोघांचीही हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे.

टेस्ट ड्राइव्हला घरची बॅग आणि घरची माणसं न्या

बॅटरी डिकीची जागा खाते. ग्रँड विटाराची माइल्ड हायब्रिडमधली ३७३ लिटरची डिकी स्ट्राँगमध्ये २६५ लिटरवर येते. साध्या पेट्रोल सिटीची ५०६ लिटरची डिकी हायब्रिडमध्ये ३०६वर. आकडे वाचून काही कळत नाही. विमानप्रवासाची मोठी बॅग सोबत न्या आणि शोरूमच्या दारातच डिकीत घालून बघा. सेल्समन हसेल, हसू दे.

मग चढावर न्या. पुणेकरांनी कात्रजचा जुना घाट गाठावा. सपाटीवर बॅटरीच्या जोरावर गाडी अशी सरकते की जुन्या गाडीची आठवणही येत नाही. चढावर पाय दाबला की खरी ओळख होते. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या हायब्रिडमध्ये दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, ते ओरडतं आणि आवाजाच्या मानाने वेग सावकाश वाढतो. गिअर बदलल्याचा धक्का नसतो, नुसता एक लांबलचक सूर. सहा सिलिंडरची सवय असलेल्या कानाला हे पहिल्यांदा दुखतं. मला महिनाभर खटकलं, मग गाण्याचा आवाज दोन रेघा वाढवला.

खराब रस्त्यावर मागच्या सीटवर स्वतः बसा. टायरचा आवाज, दाराचा पत्रा, खड्ड्याचा दणका हे सगळं पुढे बसून कळत नाही.

जुनी गाडी विकताना घाई करू नका

माझी चूक इथे झाली, म्हणून इथे जरा थांबतो.

नवी गाडी ठरली की शोरूमवाला 'एक्सचेंजमध्ये देऊन टाका' म्हणतो. त्याचा आकडा लिहून घ्या, होकार देऊ नका. जुन्या गाड्यांच्या किमान दोन व्यापाऱ्यांकडून भाव काढा. सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या, दोन्ही किल्ल्या आणि उरलेली वाढीव वॉरंटी टेबलावर ठेवली की भाव हलतो. शक्यतो डिसेंबरच्या आत विका. जानेवारी लागला की गाडी कागदावर एका वर्षाने म्हातारी होते.

कर्ज फिटलं असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. थकलेली ई-चलनं भरा. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, परराज्यात जाणार असेल तर २८. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून किल्ली देऊ नका. मी तेच केलं. तीन महिने आरसी माझ्याच नावावर आणि गाडी कोणाकडे ते मला ठाऊक नाही. मग एके सकाळी एक्सप्रेसवेवरच्या वेगाचं चलन माझ्या मोबाइलवर! दलाल फोनवर 'होऊन जाईल साहेब' एवढंच म्हणत होता.

यावर उपाय आहे. एप्रिल २०२३पासूनच्या नियमांप्रमाणे व्यापाऱ्याकडे आरटीओचं अधिकारपत्र असेल, तर फॉर्म २९सी भरून गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद होते आणि पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. अधिकारपत्र नसलेल्याला गाडी द्यायचीच, तर आरसीवर नाव बदलेपर्यंत काही रक्कम हातात ठेवा.

गाडी देताना फास्टॅग बंद करा. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, सोडू नका. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीच्या विम्यातल्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ती सूट मिळते.

आता हिशेब

कंपनीचा दावा लिटरला २७-२८ किलोमीटरचा. मी २१ धरतो. जुनी पेट्रोल सेडान शहरात ९ देत असेल आणि वर्षाचं रनिंग १२,००० किलोमीटर असेल, तर १,३३३ लिटरऐवजी ५७१ लिटर लागतात. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला ७९ हजारांच्या आसपास वाचले. पण रनिंग मुख्यतः हायवेचं असेल तर एवढा फरक पडणार नाही. हायब्रिडची कमाई सिग्नलच्या गर्दीत होते, सलग शंभरच्या वेगात नाही. मोठी बचत खरी सर्व्हिसिंग, टायर आणि विम्यात असते. जुन्या गाडीची शेवटच्या दोन वर्षांची बिलं काढून बघा, हिंमत असेल तर.

खरेदीच्या बाजूला: सप्टेंबर २०२५पासून चार मीटरहून लांब हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, पूर्वी सेससकट ४३ होता. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स, कंपनीच्या नावावर घेतली तर २०. दहा लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून आधीच घेतलेला आयकर) कापतात, तो रिटर्न भरताना मागता येतो. शोरूमकडून त्याची नोंद मागून घ्या.

पहिला महिना

बटण दाबल्यावर काहीच आवाज येत नाही. मी पहिल्या दिवशी चालू झाली नाही समजून पुन्हा दाबलं आणि ती बंद केली, असं दोनदा. मीटरवर 'रेडी' दिसलं की निघा. पार्किंगमध्ये पायी माणसांना गाडी आल्याचं चटकन कळत नाही, मुलं खेळत असतील तर जपून. घाट उतरताना गिअर 'बी'वर टाका, ब्रेकवरचा भार कमी होतो. हायब्रिडलाही नेहमीची बारा व्होल्टची बॅटरी असते. गाडी तीन-चार आठवडे पडून राहिली तर तीच बसते आणि मोठी बॅटरी भरलेली असली तरी 'रेडी' येत नाही. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्याकडे किल्ली ठेवा. आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी'वर ठेवली तरी पुरतं.